तुमच्या गावची थंडी

भाचेसून सकाळपासून माझ्या मागे लागली आहे. आत्या, थंडी वाजतेय का, शाल देऊ का, दुलई आणू का. मी म्हणते, नको. थंडी, आणि ती बारामतीत? तिला बिचारीला माझ्या बोलण्यातली खोच कळत नाही, ती पुण्याकडची आहे. माझ्या पायांची बोटं केव्हाच बधिर झाली आहेत, चहाचा कप बशीवर टकटक वाजतोय, आणि तो आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी उगाच खाकरतेय. या वयात माणसानं किती मूर्खपणा करावा याला काही सुमार असावा. पण माझं सासर इंदापूर, आणि इंदापूरच्या माणसानं बारामतीत पांघरूण घ्यायचं नसतं.

शेवटी पोरगी वैतागली. आतल्या खोलीत जाऊन तिनं पत्र्याची ट्रंक उघडली आणि हाताला लागेल ते पांघरूण आणून माझ्या मांडीवर टाकलं. आधी कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास आला. मग त्याच्याखालून दुसरा एक वास वर आला, चिंचोक्याच्या खळीचा, जुन्या लोकरीचा. मी चष्मा न लावताच काठ चाचपला. काठाला लाल दोऱ्याचे टाके होते, वेडेवाकडे, कोपऱ्यात गाठ मारलेली. ते टाके माझे होते. हे घोंगडं अजून आहे, हे मला माहीत नव्हतं.

तीस-पस्तीस सालच्या हिवाळ्यांची गोष्ट आहे. माझं माहेर बारामतीचं, शेत सांगवीच्या बाजूला, कालव्याच्या पाण्याखालचं. सासर इंदापूरचं. दोन्ही घरं मूळची मेंढरं राखणारी. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मेंढरं विकून ऊस आणि भाजीपाला धरला होता. सासऱ्यांनी, त्यांना सगळा गाव तात्या म्हणे, ज्वारी धरली होती आणि थोडी मेंढरं निरवांगीच्या भाऊबंदांकडे ठेवली होती. मोटारीनं गेलं तर अर्ध्या दिवसाची वाट. बोली एक, देव एक, भाकरी एक. तरी या दोन गावांचं एका बाबतीत जन्मात पटलं नाही, आणि ती बाब म्हणजे थंडी. खरी थंडी कुणाकडे पडते?

हसू नका. मी त्या भांडणात उभं आयुष्य घालवलं आहे.

बारामतीची थंडी ओली. पहाटे कालव्यावर वाफ उभी राहायची, त्यात पलीकडच्या काठाची माणसं कमरेपर्यंतच दिसायची. गुऱ्हाळं पेटलेली असायची. काहिलीतल्या उसाच्या रसाचा गोड, थोडा करपलेला वास त्या वाफेतून घरात यायचा, अंथरुणात यायचा, केसांना लागून राहायचा. आम्ही पोरी हातात गरम काकवीची वाटी धरून चुलवाणाजवळ बसायचो, तोंडाशी ऊब आणि पाठीशी गारठा. हीच काय ती थंडी, असं आम्हाला शिकवलेलं होतं. लग्न होऊन इंदापूरला आले तेव्हा कळलं की तिथं ही थंडी कुणी जमेलाच धरत नाही. तिथली थंडी कोरडी. माळावरून वारं यायचं ते आडवं, वाटेत त्याला अडवायला झाड नाही की भिंत नाही. ओठ फुटायचे, टाचांतून रक्त यायचं, ज्वारीचं पान हाताला लागलं तर कापायचं. आणि हुरड्याचा वास. गोवरीच्या राखेत भाजलेली कणसं हातावर चोळताना जो वास येतो, तो माझ्या नाकात अजून आहे.

दोन्ही थंड्या मी अंगावर काढल्या आहेत, तेव्हा मला विचाराल तर दोन्ही सारख्याच वाईट. पण मला कुणी विचारलं नाही.

आता यातला शहाणपणा बघा. आपल्या गावात असताना माणूस थंडीचा थाट करायचा. दिवाळी झाली रे झाली की आबा कानाला मफलर गुंडाळायचे, वर फेटा बांधायचे आणि बाजारात चारचौघांत म्हणायचे, यंदा काय खरं नाही. इंदापुरात तात्या दोन-दोन घोंगडी पांघरून ओट्यावर बसायचे, आत माणूस आहे की गाठोडं हे जवळ गेल्याशिवाय समजायचं नाही. पण हीच माणसं एकमेकांच्या गावाला गेली की उघडी. पांघरूण घेतलं म्हणजे त्या गावची थंडी कबूल केली. शेकोटीजवळ बसलं तरी कबूल केली. त्यामुळे तात्या बारामतीला यायचे ते एका बंडीवर, तिचीही वरची गुंडी सोडून. पौषात भल्या पहाटे कालव्यात उतरून आंघोळ करायचे आणि ओठ जांभळे पडलेले असताना सांगायचे की पाणी कोमट आहे. परतीच्या मोटारीत बसेपर्यंत शिंका दाबून धरायचे. एकदा शिंक आलीच, तर म्हणाले, तुमच्याकडं धूळ फार.

आणि तेलाची बाटली. ती तर माझ्या डोक्यात जायची. तात्यांनी खोबरेल तेलाची एक बाटली ओट्याच्या उत्तरेकडच्या खुंटीला टांगलेली असायची, वारं लागेल अशी. डोक्याला लावायला ती बाटली नव्हतीच, तिच्यातलं तेल कुणी घेतलं तर घरात महाभारत व्हायचं. बारामतीचा पाहुणा आला की ती खाली काढायची, त्याच्या नाकासमोर उलटी धरायची आणि गप्प राहायचं. थेंब पडायचा नाही. आबा ती बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरायचे आणि शांतपणे म्हणायचे, भेसळ दिसतीया तेलात. यावर दोघंही हसायचे नाहीत. आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, आतून कपाळावर हात मारायच्या. त्या घरात माझं दुःख समजणारं तेवढंच एक माणूस होतं.

इंदापुरात पेन्शनीत निघालेले एक हवालदार होते, नोकरीत उत्तरेला सरहद्दीपर्यंत जाऊन आलेले. ते सांगायचे की तिकडच्या शहरांतून गुडघाभर बर्फ पडतं, दाढीला बर्फाचे मणी लोंबतात, तरी तिकडची माणसं दुकानं उघडतात, लग्नं लावतात, आणि आमच्या शहरात तगून दाखवा म्हणून परक्या माणसाकडे बघून मिशीत हसतात. तुमची ही थंडी तिकडं पोरं खेळायला नेतील, असं ते म्हणाले आणि त्यांचा पारावरचा हुक्का त्या दिवसापासून बंद झाला. ही गोष्ट बारामतीला पोचली तेव्हा आमचा न्हावी म्हणाला, बर्फ पडलं म्हणून थंडी झाली व्हय? इंदापूरचा पार आणि बारामतीचा न्हावी एवढ्या एकाच गोष्टीवर कधी एक झाले असतील.

मी चिडायचे, पण इंदापूरच्या लोकांचं मला हळूहळू कळायला लागलं होतं. बारामतीला कालवा आला, आगगाडी आली, गुळाची पेठ भरली. इंदापूरला काही आलं नाही. आलं ते वारं, तेही आधीपासूनचंच. मग त्यांनी ते वारंच आपलं म्हणून धरून ठेवलं. तात्यांसारख्या माणसाला व्याह्यासमोर ताठ बसायला दुसरं होतं तरी काय?

पण माझे आबा खोकत होते, त्याचं काय करायचं?

माझी आई मी लहान असतानाच गेली. आबांनीच मला वाढवली, वेणी घालायलासुद्धा तेच शिकले, आणि ती कायम डावीकडे कललेली असायची. दर संक्रांतीला मला न्यायला ते स्वतः यायचे. माझ्या धाकट्या भावाला पाठवायचे नाहीत. एक मुक्काम करायचे आणि तो मुक्काम ओट्यावर, सुती चादरीवर, अंगावर फक्त धोतराचा सोगा. त्यांना दम्याची खोड होती. आत निजलेल्या मला त्यांचा खोकला ऐकू यायचा, आणि त्यात ते खोकला दाबताहेत हेही ऐकू यायचं. ते जास्त वाईट होतं. हा माणूस असाच एखाद्या वर्षी या ओट्यावर मरणार, आणि तेही एका बाटलीभर तेलापायी, असं मला वाटायचं आणि रागानं डोळ्यांत पाणी यायचं.

म्हणून एका वर्षी मी घोंगडं केलं. निरवांगीहून काळी लोकर मागवली, चातीवर कातली, विणकराकडून विणून घेतलं. खळ वाळल्यावर ते इतकं कडक झालं होतं की जमिनीवर उभं राहील. काठ मी शिवला. मग आत्याबाईंना पुढं करून तात्यांकडे बोलणं काढलं की यंदा आबा आले की त्यांना हे द्यावं. तात्या ऐकून घेऊन म्हणाले, द्यायला हरकत कसली, घर त्यांचंच आहे, त्यांनी मागितलं की दिलं. न मागता पांघरूण दिलं तर त्यांना थंडी सोसत नाही असं म्हटल्यासारखं होईल, आणि व्याह्याचा असा अपमान आपल्या घरात व्हायचा नाही. यात त्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तीच तर पंचाईत होती. आबांना चोरून द्यावं तर ते घ्यायचे नाहीत, लेकीला सासरी खाली बघावं लागेल म्हणायचे. तेव्हा ते घोंगडं घडी करून ओट्यावर त्यांच्या उशापाशी ठेवायचं ठरलं. हात लांब केला की लागेल असं. दोन संक्रांती ते तिथंच पडून राहिलं. आबांनी त्याच्यावर फेटा काढून ठेवला, बाकी काही नाही.

तिसऱ्या संक्रांतीला माझं जाणंच झालं नाही. माझ्या थोरल्याला गोवर आला होता. आबांना निरोप धाडला होता, येऊ नका म्हणून, तरी ते आले. नातवाला बघायला आलो म्हणाले. मोटारीतून उतरून घरापर्यंत चालत येताना ते वाटेत दोनदा बसले, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. गाल आत गेले होते. मी घोंगडं उशापाशी ठेवलं आणि आत जाऊन पोराच्या कपाळावर हात ठेवून बसले. मनातल्या मनात मी त्या दोन्ही गावांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत.

सकाळी ओट्यासमोर शेकोटी पेटली. नेहमीची माणसं जमली. बारामतीकर आला की चार जण हमखास यायचेच, तेल बघायला. तुरीच्या काड्या तडतडत होत्या, धूर वाऱ्यानं जमिनीलगत पळत होता. तात्या घोंगड्यात गुरफटून बसले होते. आबा नेहमीसारखे शेकोटीकडे पाठ करून, जरा लांब, उघड्या हातांनी बसले होते. मी दाराच्या चौकटीआड दुधाचा पेला घेऊन उभी होते. तात्यांनी बाटली काढली, उलटी धरली. आबांनी ती घ्यायला हात पुढं केला आणि त्यांना उबळ आली. ती थांबेना. हातात आलेली बाटली आबांच्या मांडीवर पडली. खोकला सरल्यावर आबांनी तोंड पुसलं आणि तात्यांकडे नाही, बाकी कुणाकडे नाही, दाराकडे बघितलं.

“बाई, ते घोंगडं दे गं हिकडं,” ते म्हणाले. “लई थंडी हाय तुमच्या इंदापुरात.”

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी देव पाण्यात घातले होते ते वाक्य आलं, आणि मला ते नको झालं. त्यांनी पुन्हा भेसळ म्हणावं, धूळ म्हणावं, काहीही म्हणावं, पण हे नको. माणूस आतून मोडल्याशिवाय असं बोलत नाही, असं मला वाटलं. माझे पाय हलेनात.

हलले ते तात्या. ते उठले, अंगावरची दोन्ही घोंगडी खाली टाकली आणि नुसत्या बंडीवर, त्या वाऱ्यात, आबांच्या शेजारी येऊन बसले. मांडीवरची बाटली उचलून त्यांनी पाठीमागं ठेवून दिली.

“कशाची थंडी, आबा,” ते म्हणाले. “आमच्यात कुठं थंडी पडती? मी आपला म्हातारपणामुळं पांघरतो. थंडी म्हंजे तुमच्या कालव्याची.”

आणि मग काय झालं असेल? आबा म्हणाले, नाही तात्या, कालव्याची काही नाही, खरी इथलीच. तात्या म्हणाले, छे, इथलं नुसतं वारं. घोंगडं ओट्यावर तसंच पडलेलं, आणि दोन म्हातारे काकडत एकमेकांच्या गावची थंडी वाढवून सांगताहेत. मला इतका संताप आला की मी पदर सावरायचीसुद्धा विसरले. सासऱ्यांसमोर, गावासमोर बाहेर आले, घोंगडं उचललं, आबांच्या खांद्यांवर टाकलं, पुढून दोन टोकं आवळून धरली आणि म्हटलं, आता एक शब्द बोलायचा नाही, दोघांनीही. तात्या निमूटपणे आपली घोंगडी उचलायला वाकले. त्या घरात मी तात्यांसमोर इतक्या मोठ्यानं त्याआधी कधी बोलले नव्हते.

दुपारच्या मोटारीनं आबा गेले. खिडकीत काळं घोंगडं आणि वर त्यांचा पांढरा फेटा एवढंच दिसत होतं. शिमग्याच्या आधीच ते गेल्याचा निरोप आला.

तेव्हापासून एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही. मला पक्कं वाटायचं की बारामतीचा नाका दिसायला लागल्याबरोबर आबांनी ते घोंगडं काढलं असणार, घडी करून काखेत मारलं असणार आणि उघड्या अंगानं स्टँडवर उतरले असणार. त्यांच्या गावात त्यांना कुणी इंदापूरचं पांघरूण पांघरलेलं बघितलं तर ते जगले असते का? तेवढ्या चालण्यातच त्यांनी ती थंडी घेतली, असं मी धरून चालले होते. या गोष्टीचा मला बारामतीवर राग होता. म्हणून हिवाळ्यात मी माहेरी सहसा येत नाही, आले तर राहत नाही, आणि राहिले तर पांघरूण घेत नाही. या खेपेला भावाच्या नातीचं लग्न निघालं म्हणून आले.

वहिनी समोर हरभरा सोलत बसल्या होत्या. त्या वर्षी त्या या घरात नव्यानं आलेल्या सून होत्या. घोंगडं बघून म्हणाल्या, मामंजींचं हे, शेवटपर्यंत अंगावर होतं, आम्ही नंतर कुणाला वापरू दिलं नाही. मी म्हटलं, घरात आल्यावर घेतलं असेल. त्या म्हणाल्या, घरात कशाला, स्टँडवरनंच पांघरून आले, भर बाजारातून.

त्या सोलता सोलता सांगत होत्या. त्या बाजाराकडच्या दारात पाणी शिंपत होत्या, तेव्हा त्यांनी बघितलं. बाजाराचा दिवस होता. आबा डोक्यापासून पायापर्यंत त्या घोंगड्यात, मधोमध चालत येत होते. न्हाव्यानं दुकानातून हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की आबा, काय हे, इंदापुरात थंडी लागली की काय? लोक हसले. आबा थांबले.

“त्यास्नी काय म्हणाले ठावं हाय का?” वहिनी म्हणाल्या. “म्हणाले, माझी लेक ऱ्हाती त्या गावात. तिथली थंडी खोटी कशी असंल?”

मी वहिनींवर खेकसले, हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?

“आमी कवा सांगायचं, वन्सं?” त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. “तुमी थंडीच्या येत न्हाई, आन् आलाच तर आल्या आल्या म्हणता, हितं कुठं थंडी हाय.”

हरभऱ्याच्या घाट्यांचा आंबट वास घरभर पसरला होता. बाहेर अंगणात ऊन आलं होतं, पण ते आत पोचायला वेळ होता. मी घोंगड्याची घडी मोडली. लोकर आता मऊ झाली आहे, खळ कधीच गेली, नुसता वास राहिला आहे. ते मी खांद्यावरून घेतलं, पुढून दोन टोकं आवळून धरली.

“वहिनी,” मी म्हटलं, “फार थंडी आहे हो तुमच्या बारामतीत.”